‘सुमार’ शब्दाची कुळकथा

मराठीत ‘सु’ने सुरू होणारे शब्द बहुधा शुभ वार्ता घेऊन येतात. सुगंध, सुविचार, सुस्वर, सुपुत्र, सुभाषित, सुकाळ या सर्वांच्या दारावर जणू मंगलाचे तोरण बांधलेले असते. याच रांगेत ‘सुमार’ हा शब्द उभा राहिला की मात्र अपेक्षाभंग होतो. सुमार नाटक, सुमार लेखन, सुमार बुद्धी, सुमार रूप असे म्हटले की बोलणाऱ्याने नाक मुरडले आहे, हे ऐकणाराला न सांगता कळते. ज्या वस्तूविषयी हा शब्द वापरला जातो ती अगदी टाकून देण्याजोगी नसते. पण तिला चांगली म्हणण्याचीही सोय नसते. सर्वसाधारण पातळीच्या एक-दोन पायऱ्या खाली उभे असलेले असे काहीतरी त्यातून सुचविले जाते. आरंभी ‘सु’ असूनही या शब्दाच्या वाट्याला ही अवकळा का यावी, असा प्रश्न पडणे साहजिक आहे.

त्याचे पहिले उत्तर असे की, हा ‘सु’ संस्कृतातला शुभवाचक उपसर्ग नव्हेच. ‘सुमार’ची ‘सु’ आणि ‘मार’ अशी फोड करणे म्हणजे पाहुण्याला घरचा समजून त्याचे गोत्र विचारण्यासारखे आहे. हा शब्द फारसीतून मराठीत आला. फारसीत त्याचे रूप ‘शुमार’ असे असून त्याचा अर्थ मोजणी, गणना, संख्या असा आहे. ‘शुमुर्दन’ म्हणजे मोजणे, आणि ‘शुमारा’ म्हणजे क्रमांक. मराठीच्या उंबरठ्यावर ‘श’चा ‘स’ झाला. असा बदल इतरत्रही आढळतो. ‘फर्माइश’चा आपण ‘फर्मास’ केला, ‘आझमाइश’चा ‘अजमास’ केला. तसाच ‘शुमार’चा ‘सुमार’ झाला. बहमनी राजवटीपासून पुढे दक्षिणेतील दरबारांचे लिहिणे फारसीच्या छायेत चालत असे. जमाखर्च, जमीनमोजणी, फौजेची हजेरी, कोठारातील धान्य यांच्या नोंदी ठेवणारा कारकून दिवसभर जे शब्द लिहीत असे, तेच संध्याकाळी त्याच्या तोंडून घरी, देवळात आणि बाजारात जात. शिवकालात रघुनाथ पंडितांनी राज्यव्यवहारकोश सिद्ध करून दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. पण दप्तरातला शब्द बदलता आला, तरी एकदा चुलीपर्यंत पोचलेला शब्द हलविणे कठीण असते. माधव त्रिंबक पटवर्धन यांनी १९२५ साली फार्शी-मराठी कोश प्रसिद्ध केला. असे किती शब्द मराठीने आपल्या अंगवळणी पाडले आहेत, याची कल्पना तो चाळला की येते.

परंतु ‘सुमार’ हा केवळ परका पाहुणा आहे, असे म्हणणेही पुरते खरे नाही. थोडे मागे गेले तर तो दूरचा भाऊबंद निघतो. प्राचीन इराणी भाषा आणि संस्कृत या एकाच कुळातल्या. संस्कृतातील ‘स्मृ’ म्हणजे आठवणे हा धातू इराणी शाखेतही होता. तेथे त्याला आठवण्याबरोबर मोजण्याचाही अर्थ होता. त्याच्यामागे एक उपसर्ग लागून मध्य फारसीत ‘ओश्मार’ हे रूप झाले, आणि पुढे आरंभीचा उपसर्ग झिजून ‘शुमार’ उरला. आजच्या फारसीत आकडेशास्त्राला ‘आमार’ म्हणतात. तो शब्दही याच मुळाचा. म्हणजे ‘स्मरण’ आणि ‘सुमार’ हे एकाच आजोबांचे दोन नातू ठरतात. एक ऋषींच्या आश्रमात वाढला, दुसरा बादशहाच्या कचेरीत.

आठवणे आणि मोजणे यांचा संबंध आज दुरान्वयाचा वाटला, तरी तो तसा नाही. मागे मोजलेले आठवत नसेल, तर पुढे मोजता येत नाही. नामजप करणारा भाविक हातात जी छोटी माळ घेतो तिला मराठीत ‘स्मरणी’ असेच नाव आहे. ओठांवर नामाचे स्मरण चाललेले असते आणि बोटे मणी मोजीत असतात. एकाच धातूचे दोन्ही अर्थ त्या माळेत एकत्र नांदताना दिसतात.

मराठीत आल्यावर या शब्दाने बराच मोठा संसार मांडला. मोजणी हा त्याचा मूळचा अर्थ ‘खानेसुमारी’ या शब्दात दिसतो. खाना म्हणजे घर. घरांची आणि घरांतील माणसांची मोजदाद ती खानेसुमारी. जनगणना हा शब्द रूढ होण्यापूर्वी मराठीत हाच शब्द प्रचारात होता. उर्दूत जनगणनेला ‘मर्दुमशुमारी’ म्हणतात, आणि इराणात आज ‘सरशुमारी’ म्हणतात. फारसीतील ‘सर’ आणि संस्कृतातील ‘शिर’ हेही सगोत्रच. तेव्हा इराणची सरशुमारी आणि मराठीतील शिरगणती या एकाच कल्पनेच्या दोन मूर्ती होत.

मोजणीतून दुसरा अर्थ निघाला तो अंदाजाचा. प्रत्येक वस्तू एकेक करून मोजणे शक्य नसते. धान्याची रास, जत्रेतील गर्दी, वाटेचे अंतर, माणसाचे वय यांच्या बाबतीत नजरेने ठरवावे लागते. असे ठरविणे म्हणजे ‘सुमार घेणे’. ‘सुमारे शंभर माणसे’, ‘दहाच्या सुमारास’, ‘दिवाळीच्या सुमाराला’ हे प्रयोग तेथून आले. नेमकी गणना करणारा शब्द बरोबर उलट्या बाजूला जाऊन नेमकेपणाच्या अभावाचा वाचक व्हावा, ही भाषेच्या स्वभावातली एक गंमत आहे.

तिसरा अर्थ मर्यादेचा. जे मोजता येते त्याला अंत असतो. जे मोजता येत नाही ते अमर्याद. म्हणून ‘पावसाला सुमार राहिला नाही’, ‘त्याच्या उधळपट्टीला काही सुमार आहे की नाही?’ असे आपण म्हणतो. ‘बेसुमार’ या शब्दात हाच अर्थ आहे. बेसुमार जंगलतोड, बेसुमार पाणीउपसा, बेसुमार खर्च या प्रयोगांत नुसती विपुलता नसून हद्द ओलांडल्याची तक्रारही असते.

येथवर शब्दाच्या अंगाला कमीपणाचा कोठे स्पर्श झालेला नाही. मग तो खाली कसा घसरला? त्याच्या घसरणीला दोन उतार मिळाले असावेत, असे या अर्थांच्या क्रमावरून दिसते. पहिला उतार मर्यादेच्या बाजूचा. ज्याला सुमार आहे ते बेताचे. जे बेताचे ते मध्यम. आणि जे मध्यम ते फारसे चांगले नव्हे. दुसरा उतार अंदाजाच्या बाजूचा. नेमके नाही ते ढोबळ. ढोबळ ते कामचलाऊ. आणि कामचलाऊ ते कमअस्सल. दोन्ही वाटा शेवटी एकाच पायथ्याशी येऊन मिळतात.

या उतारावर शब्दाला धक्का देण्याचे काम शिष्टाचाराने केले. कोणाच्या मुलाला मंदबुद्धी म्हणणे, किंवा कोणाच्या मुलीला कुरूप म्हणणे सभ्य माणसाला प्रशस्त वाटत नाही. अशा वेळी तो मधला शब्द शोधतो. ‘बुद्धी सुमारच आहे’, ‘रूपाने सुमार आहे’ असे म्हणून तो वेळ निभावून नेतो. त्यातला ‘च’ आणि आवाजाचा उतरता सूर ऐकणारा बरोबर टिपतो. असे पुन्हा पुन्हा झाले की झाकण्यासाठी घातलेल्या पांघरुणालाच खालच्या वस्तूचा आकार येतो. मग मधला शब्द मधला राहत नाही, आणि शिष्ट माणसाला पुन्हा नवा शब्द शोधावा लागतो.

हाच शब्द भारताच्या इतर भाषांत काय करतो हे पाहिले, म्हणजे मराठीचे वेगळेपण ध्यानात येते. हिंदीत आणि उर्दूत ‘शुमार’ने आपली प्रतिष्ठा पुरती राखली आहे. अमक्याचा शुमार थोर कवींत होतो, असे तेथे म्हणतात. म्हणजे थोरांच्या यादीत त्याचे नाव मोजले जाते. दिल्लीत किंवा लखनौत राहणाऱ्या मराठी माणसाच्या कानाला हा प्रयोग सुरुवातीला चमत्कारिक वाटल्यास नवल नाही. कारण त्याच्या घरच्या भाषेत जो ‘सुमार’ असतो तो थोरांच्या पंक्तीला बसूच शकत नाही. गुजरातीत ‘सुमार’ आणि ‘सुमारे’ हे शब्द अंदाजाच्या अर्थाने नांदतात. दक्षिणेकडे कन्नड आणि तेलुगूत ‘सुमारु’, तमिळ आणि मल्याळममध्ये ‘सुमार’ अशी रूपे असून ‘अदमासे’ हा त्यांचा ठळक अर्थ आहे. त्यांतही कन्नड व तमिळ बोलणारा एखाद्या चित्रपटाविषयी किंवा जेवणाविषयी विचारले असता ‘सुमार’ म्हणून खांदे उडवितो, तेव्हा त्याला ‘ठीक, यथातथा’ असे म्हणावयाचे असते. म्हणजे उत्तरेत हा शब्द गणनेच्या माळ्यावर राहिला, दक्षिणेत मधल्या मजल्यापर्यंत उतरला, आणि मराठीत तळमजल्याच्याही खाली गेला. एकच शब्द चेन्नईपासून दिल्लीपर्यंत समजतो, पण त्याची किंमत प्रत्येक पेठेत निराळी आहे.

मधल्या जागेचा शब्द खाली घसरणे हा प्रकार काही एकट्या मराठीचा नाही. लॅटिन भाषेत ‘मेदिओक्रिस’ असा शब्द होता. डोंगराच्या मध्यावर पोचलेला, असा त्याचा मूळ भाव. रोमन कवी होरेस याने मधल्या स्थितीचे गुणगान करताना तिला सोन्याची उपमा दिली. मराठीतील ‘सुवर्णमध्य’ हा शब्दही त्याच कल्पनेचा. त्याच लॅटिन शब्दापासून निघालेला इंग्रजी शब्द ‘मीडिओकर’ मात्र आज शिवी नसली तरी शिवीच्या शेजारचा आहे. संस्कृतातील ‘सामान्य’ची कथाही अशीच. वैशेषिक दर्शनात ‘सामान्य’ हा एक पदार्थ आहे. अनेक वस्तूंत समानपणे असणारे तत्त्व, असा त्याचा गंभीर अर्थ. आज ‘सामान्य प्रतीचा माल’ म्हटले की गिऱ्हाईक पुढच्या दुकानाकडे वळते. जे सर्वांत आहे ते कोणालाच विशेष वाटत नाही, आणि जे विशेष नाही त्याला कमी लेखण्याची माणसाला खोड आहे.

वास्तविक कोणत्याही रांगेत मधल्याच्या खाली निम्मे असणारच. शंभर विद्यार्थ्यांचा वर्ग कितीही हुशार असो, त्यांना गुणानुक्रमे उभे केले की पन्नासजण खालच्या अर्ध्या भागात येतात. तेवढ्यावरून त्यांना सुमार म्हणावयाचे ठरविले, तर तो वर्गाचा दोष नसून रांगेचा गुणधर्म आहे. वरच्याच्या मानाने खालचा असणे ही एक गोष्ट, आणि कामाला अपुरा असणे ही दुसरी. या दोन गोष्टींची गल्लत होऊ नये म्हणूनच मराठीने कमी दर्जासाठी एकच शब्द न ठेवता अनेक शब्द घडविले, आणि प्रत्येकाला निराळ्या धंद्यातून आणले.

‘हिणकस’ हा शब्द सोनाराच्या दुकानातला. हीण म्हणजे सोन्यात किंवा चांदीत मिसळलेली हलकी धातू, आणि कस म्हणजे कसोटीच्या दगडावर उमटलेली रेघ. तेव्हा हिणकस वस्तूत भेसळ असते. तिच्यात कोठेतरी फसवणूक दडलेली असते. ‘दुय्यम’ हा फारसीतील ‘दुसरा’. त्यात दोष नाही, फक्त क्रम आहे. दुय्यम निबंधकाला दुय्यम म्हणतात ते त्याचे काम वाईट असते म्हणून नव्हे. ‘रद्दी’ हा अरबी ‘रद्द’पासून आलेला, जे परत केले, नाकारले ते रद्दी. ‘निकृष्ट’ म्हणजे खाली ओढलेले. ‘उत्कृष्ट’ म्हणजे वर ओढलेले, त्याचा हा विरुद्धार्थी. आणि चांगुलपणाच्या बाजूला ‘फर्मास’ हा शब्द पाहावा. मुद्दाम फर्माइश करून, म्हणजे मागणी नोंदवून करविलेली वस्तू ती फर्मास. मागणीबरहुकूम केलेली वस्तू उत्तम आणि नजरअंदाजाने केलेली वस्तू सुमार, अशी ही जोडी कारागिराच्या अनुभवाला धरूनच जमली आहे.

हे भेद केवळ कोशकारांच्या उपयोगाचे नाहीत. पुलाचे बांधकाम निकृष्ट आहे असे म्हटले, तर तो आरोप असतो. त्याची चौकशी झाली पाहिजे, कारण त्यावरून माणसे जावयाची आहेत. औषध हिणकस आहे असे म्हटले, तर तो गुन्हा असतो. पण कविता सुमार आहे म्हटल्याने कोणाच्या जिवाला अपाय होत नाही. ती विसरली जाते, इतकेच. ज्या पुलाला निकृष्ट म्हणावयास हवे त्याला सभ्यपणाने ‘सुमार’ म्हणणे म्हणजे अपराध्याला पाठीशी घालणे होय. आणि जो दुय्यम आहे, पण आपले काम चोख करतो, त्याला ‘सुमार’ म्हणणे म्हणजे निरपराध्याला दंड करणे होय.

शिवाय ज्या कामावरून हा शब्द निंदेचा झाला, ते अंदाज घेण्याचे काम मुळात हलके नाही. शेतसाऱ्याच्या कारभारात उभ्या पिकाचा सुमार घेण्याची पद्धत जुनी आहे. भरपूर पीक म्हणजे सोळा आणे धरून, यंदा किती आणे पिकले ते ठरवावयाचे. त्याला आणेवारी म्हणत. १९५७ साली दशमान नाणी आली आणि पुढे तिचे नाव पैसेवारी झाले. महाराष्ट्रात पन्नास पैशांची रेषा दीर्घकाळ टंचाईची खूण मानली गेली. गावाचे पीक त्या रेषेच्या वर की खाली, यावर सवलती मिळावयाच्या की नाहीत हे ठरत असे. एका नजरेच्या अंदाजावर किती चुली अवलंबून असतात, याचे सर्वांत बोलके उदाहरण गुजरातेतील खेडा जिल्ह्याचे आहे. १९१७ साली तेथे अतिवृष्टीने पिके गेली. चार आणे किंवा त्याहून कमी पीक असल्यास त्या वर्षाचा सारा तहकूब व्हावा, असा नियम होता. पीक चार आण्यांहून कमी आहे, असे शेतकरी म्हणत. सरकारी अधिकाऱ्यांचा अंदाज त्याहून जास्त होता. मार्च १९१८ मध्ये महात्मा गांधी आणि वल्लभभाई पटेल यांच्या नेतृत्वाखाली तेथे जो सत्याग्रह झाला, त्याच्या मुळाशी सुमार कोणाचा खरा, हाच वाद होता. जूनमध्ये तो मिटला तेव्हा गरिबांचा सारा तहकूब करण्यात आला.

नजरेचा अंदाज आणि शास्त्रशुद्ध अंदाज यांतील अंतर कमी करण्याचे काम पुढे संख्याशास्त्राने केले, आणि त्यात एका मराठी माणसाचा वाटा मोठा आहे. सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ साली जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९४०नंतरच्या दशकात दिल्लीच्या कृषि संशोधन परिषदेत पीककापणीच्या नमुना पाहणीची पद्धत उभी केली. गावे, त्यांतील शेते आणि शेतांतील छोटे तुकडे निवडावयाचे ते पाहणाऱ्याच्या मर्जीने नव्हे, तर यदृच्छेने, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे. मग तेवढ्याच तुकड्यांतील पीक कापून, मळून, वजन करून साऱ्या जिल्ह्याच्या पिकाचा अंदाज बांधावयाचा. शिवाय तो अंदाज किती चुकू शकेल, हेही हिशेबाने सांगावयाचे. येथे सुमार हा ढिलाईचा पर्याय राहत नाही. आपल्याला काय ठाऊक आहे, आणि ते किती खात्रीने ठाऊक आहे, याचा तो प्रामाणिक कबुलीजबाब ठरतो.

शब्दांना त्यांच्या जुन्या घरी परत पाठविता येत नाही. ‘सुमार’चा आजचा अर्थ रूढीने पक्का केला आहे, आणि रूढी ही भाषेत कायद्याहून बलवान असते. नाटक पाहून आलेला रसिक यापुढेही ‘सुमार होते’ असेच म्हणेल, आणि त्याने तसे म्हणण्यास हरकत असण्याचे कारण नाही. परंतु शब्दाचे मूळ ठाऊक असलेल्या माणसावर एक लहानशी जबाबदारी येते. हा शब्द मोजणाऱ्यांच्या कुळातला आहे, आणि त्याच्या पूर्वजांत स्मरणही आहे. तेव्हा एखाद्या विद्यार्थ्याला, कारागिराला किंवा लेखकाला सुमार ठरविण्यापूर्वी आपण त्याचे काम खरोखर मोजले आहे काय, आणि कोणत्या मापाने मोजले आहे, याचे स्मरण ठेवावे. परीक्षकाने मारलेला हा शिक्का एखाद्याच्या कपाळी आयुष्यभर राहतो. न मोजता मारलेला शिक्का हा त्या माणसाच्या गुणांविषयी काहीच सांगत नाही. तो सुमार असतो तो परीक्षकाचा.